एप्रिलचा ओला बर्फ

सेंदाई, २ मार्च

जयाताई,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्हाला ढोंग वाटेल आणि नुसतं 'प्रिय' लिहिलं तर लाडीगोडी. म्हणून नाव लिहून मोकळी झाले. शेखरचा आणि माझा, दोघांचेही नंबर तुम्ही ब्लॉक केले आहेत, तेव्हा कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून कागद आणि पाकीट आणलं. दुकानातल्या मुलीने ते कागदी पिशवीत घालून दोन्ही हातांनी दिलं, त्यामुळे आता लिहिणं भागच आहे. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही ते न फोडता टाकून दिलं नसेल, असं धरून चालते.

तुमच्या भावाला तुमच्याशी बोलायचं आहे असं मी लिहिणार नाही, कारण तो तसं म्हणालेला नाही. तो काहीच म्हणत नाही. युनिव्हर्सिटीत जातो, लॅबमध्ये धातूंचे तुकडे तापवतो, गार करतो, मोजतो, घरी येतो. ताप नाही, बीपी नाही. पण जानेवारीत तो मला न सांगता कान तपासून आला. रिपोर्ट मला त्याच्या बॅगेत सापडला. दोन्ही कान उत्तम. असा रिपोर्ट बघून कुणीही खूश होईल. हा आठवडाभर धड जेवला नाही.

कान कशासाठी तपासले, ते तुम्हाला कळलं असेल. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉलमध्ये जे बोललात, त्यासाठी.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा माझ्याकडून ऐका. बाबा इथे येऊन दीड महिना झाला होता. रोज पहाटे पाचला उठून ते हिरोसे नदीच्या काठाने चालायला जायचे आणि साडेसहाला चहाला परत. ९ एप्रिलला साकुरा फुलला होता आणि रात्रीतून त्याच्यावर बर्फ पडला. बाबांनी जन्मात पहिल्यांदा बर्फ पडलेला पाहिला. मी उठले तेव्हा त्यांचे बूट दारात नव्हते. सातला दहा कमी असताना शेखर शोधायला निघाला. काठावरच्या वाटेने पुलापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. चालता चालता बाबांच्या फोनवर फोन लावत होता. एकतीस वेळा लावला. बाबा वाटेच्या खाली, उतारावरच्या बुटक्या बांबूंच्या गचपणात पडले होते. डोकं दगडावर आपटून शुद्ध गेली होती, वरून बर्फ. सव्वानऊला सातो-सानच्या कुत्र्याला ते सापडले. सातो-सान म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाई. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर आशा होती. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. तुम्ही आदल्या दिवशी पोचलात, एवढंच बरं झालं.

आणि सगळं उरकल्यावर, आमच्या हॉलमध्ये, तुम्ही आपल्या मोबाइलवरून बाबांचा नंबर लावलात. फडताळावरून तुतारी वाजली. तुमच्या अंबरीषने आजोबांना बसवून दिलेली, लग्नात वाजते तशी ती रिंगटोन. खालच्या मजल्यावरसुद्धा गेली असेल.

"हा आवाज एकतीस वेळा झाला आणि तुला वाटेवरून ऐकू आला नाही?" तुम्ही म्हणालात. "शेखर, तू गेलास तरी होतास का?"

"गेलो होतो, ताई. दोनदा."

"खोटं बोलू नकोस. तुझी सातला मीटिंग होती. तू घरात बसून फोन लावत होतास."

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

आवाज का आला नाही, मला माहीत नाही. नदीचा खळखळाट असेल, बर्फ असेल. पण तुमचा भाऊ खोटं बोलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. त्याला एकदा फोन करा. रागावण्यासाठी केलात तरी चालेल.

वैभवी

*

सेंदाई, ४ एप्रिल

जयाताई,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ: 'तो खरं बोलला की फोन करीन.' तुमचं अक्षर बाबांसारखं आहे, 'ल' तसाच. मी ते शेखरला दाखवलं नाही, पुस्तकात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवर नव्हतं. त्याने वाचलं असावं.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली काय, ठेवली. ८ एप्रिलच्या संध्याकाळी आम्ही तिघं सबवेतून फुलं बघून परत येत होतो आणि तुमचा व्हिडिओ कॉल आला. गाडीभर तुतारी. बाबांनी उचलला आणि आपल्या अंगणात बसल्यासारखे बोलू लागले, "जया, अगं काय फुलं आहेत, ही बघ, ही बघ." डबाभर माणसं मान खाली घालून बसलेली. इथे कुणी काही बोलत नाही हो, नुसतं बोलत नाहीत, तेच अंगावर येतं. मध्येच कॉल कट झाला. नंतर बाबा तुम्हाला घरून म्हणाले, "इथे श्वास घ्यायला पण परवानगी लागते," आणि तुम्ही ठरवलंत की शेखर त्यांच्यावर खेकसला.

शेखर खेकसला नव्हता. तो पलीकडच्या सीटवर पेंगत होता. कॉल मी कापला. त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बाबा, इथे असं चालत नाही." सासऱ्यांच्या हातातून. आमच्या कुकरच्या शिट्टीबद्दल कुणीतरी टपालपेटीत चिठ्ठी टाकली होती, तेव्हापासून मला आवाजाची धास्तीच बसली आहे. आठ वर्षांत मी जपान्यांपेक्षा जपानी झाले, याचा मला कोण अभिमान. शेखरने तो दोष स्वतःवर घेतला, कारण तुम्ही माझ्यावर चिडला असतात.

आता हे वाचा. शेखर रोज पहाटे पाचला बाहेर पडतो. मला सांगतो, चालायला जातो. परवा मी मागे गेले.

इथे आता पाचला उजाडतं. रस्ता मोकळा, सिग्नल आपले कुणासाठी नसताना बदलत असतात. दूध टाकणाऱ्याची मोटारसायकल गेली तेवढीच. फुलं अजून पुरती उघडलेली नाहीत, फांद्या नुसत्या गुलाबी झाल्या आहेत. पुलाच्या अलीकडे तो वाटेवरून खाली उतरला. मी एका झाडाआड थांबले. त्याने पाठीवरच्या सॅकमधून बाबांचं ते मातकट जॅकेट काढलं. त्याच्या आतल्या खिशात बाबांचा फोन घातला. घडी केली आणि जॅकेट बांबूंच्या गचपणात, बरोब्बर त्या जागी, ठेवलं.

मग वर आला. वीस पावलं चालला, आपल्या फोनवरून नंबर लावला. तुतारी वाजली. वहीत काहीतरी लिहिलं. चाळीस पावलं. पुन्हा तुतारी. साठ. पुलाच्या टोकाशी. वाटलं, कुणी खिडकी उघडेल, कुणी पोलिसांना कळवेल. बघा, त्या वेळीही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं.

ती वही मी नंतर पाहिली. एकशे त्र्याण्णव पहाटा आहेत तीत. तारीख, वारा, नदीचं पाणी, पावलं, ऐकू आलं की नाही. सगळीकडे 'आलं'. त्याने बाबांचं इथलं सिम बंद केलेलं नाही, हेही तेव्हाच कळलं.

मी त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "बर्फात आवाज दबतो. जानेवारीत मोजलं, पण तो कोरडा भुसभुशीत बर्फ. त्या दिवशीचा ओला होता. आणि वर फुलांनी भरलेल्या फांद्या. तसा दिवस मिळायला हवा."

"आणि मिळाला तर?"

"तर कळेल, मला ऐकू का आलं नाही."

ताई, तो एप्रिलमधल्या बर्फाची वाट बघतोय. रोज रात्री जेवताना हवामान बघतो. इथली माणसं फुलं टिकावीत म्हणून आभाळाला हात जोडतात आणि आमच्या घरात बर्फ पडावा म्हणून.

काल कचरा टाकायला गेले तेव्हा सातो-सान भेटल्या. आधी नेहमीसारख्या वाकल्या. त्या दिवशी कुत्र्याला उशिरा बाहेर काढलं म्हणून त्या दोन वर्षं माझी माफी मागताहेत. मग हळूच म्हणाल्या, "तुमचे मिस्टर रोज नदीवर काही शोधत असतात. काही हरवलं आहे का? आम्ही सगळे मिळून शोधू." मी म्हटलं, नाही, काही नाही.

मलाही काहीतरी होतंय. घरात मधूनच घूंऽ घूंऽ असा आवाज येतो. थांबतो, पुन्हा येतो. फ्रिजला कान लावून पाहिला, वॉशिंग मशीनला लावून पाहिला. शेखरला ऐकू येत नाही. आणि कान तपासायला तो जातो.

सोबत एक फोटो आहे. बाबांच्या फोनमधला शेवटचा, सकाळी ५:२६ चा. बर्फाने वाकलेली फांदी आणि त्यातून डोकं काढलेली फुलं. कोपऱ्यात आलंय ते बाबांचं बोट. तो तुम्हाला पाठवायचा होता, तुमच्या नावापर्यंत येऊन राहिला होता. फांदी नीट दिसावी म्हणूनच ते उतारावर गेले असावेत.

वैभवी

*

सेंदाई, १३ एप्रिल

जयाताई,

परवा बर्फ पडला.

रात्री पाऊस होता, पहाटे त्याचा बर्फ झाला. साडेचारला शेखरने पडदा सारला आणि खूप दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली. मी म्हणाले, मीपण येते. तो नको म्हणाला नाही.

ताई, तुम्ही कधी असं काही बघितलं नसेल. सगळी झाडं फुललेली आणि प्रत्येक फुलाच्या वाटीत बर्फ. मधूनच एखादी फांदी भार सोडून द्यायची, तेवढाच धप्प आवाज. बाकी सगळं गप्प. आपली पावलंही ऐकू येत नव्हती. मला वाटलं, खरंच दबेल आवाज. देवा, आज दबू दे. मी मनापासून प्रार्थना केली, कारण आवाज दबला असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

त्याने जॅकेट ठेवलं, वरून हातांनी बर्फ लोटला. वाटेवर आला. नंबर लावला.

तुतारी स्वच्छ ऐकू आली. चाळीस पावलांवर आली. पुलाशी थोडी बारीक, पण आली. शांततेमुळे रोजच्यापेक्षा जास्तच.

त्याने वही उघडली नाही. मग म्हणाला, "मी ताईला आज लिहितो."

"काय?"

"की मी गेलो नव्हतो."

"शेखर, तू गेला होतास. ओले बूट, गुडघ्यापर्यंत ओली पॅन्ट, मी पाहिलीय."

"मलाही आठवतं तसं. वाट आठवते, पूल आठवतो, मी हाका मारल्या तेही आठवतं. पण आठवणीचं काय, माणूस आपल्याला हवं ते आठवतो. आवाज इथे येतो. एकतीस वेळा आला असणार. मी इथे असतो तर ऐकलाच असता. म्हणजे मी नव्हतो. कुठेतरी गाडीत बसून राहिलो असेन, घाबरून. ताई बरोबर आहे." आणि तो हसला, ताई. बरं वाटल्यासारखा हसला. म्हणाला, "तिला खरं हवंय ना? देऊन टाकू. ती फोन करील."

मी खाली उतरले. उतार निसरडा होता, दोनदा बसले. जॅकेटमधून बाबांचा फोन काढला. त्या फोनच्या कडेला एक छोटं बटण आहे, खाली सरकवलं की आवाज बंद होतो आणि फोन नुसता थरथरतो. मी ते सरकवलं. फोन परत खिशात घातला, जॅकेटची घडी केली, वर बर्फ लोटला. आणि शेखरला म्हणाले, "आता लाव."

त्याने लावला. माझ्यापासून पाच पावलांवर उभा होता. काही नाही. त्याने फोन कानाला लावला, रिंग जात होती. तो दोन पावलं पुढे आला. काही नाही. मी मात्र जॅकेटपाशी बसले होते. मला ऐकू येत होतं. घूंऽ घूंऽ. घरात येतो तोच आवाज.

आता तुम्हाला सांगते.

८ तारखेला सबवेत मी कॉल कापला, तेव्हा ते बटणही सरकवलं. इथे सगळेच गाडीत बसताना ते करतात आणि उतरल्यावर पुन्हा वर करतात. माझा स्वतःचा फोन मी उतरल्याबरोबर चालू केला. बाबांचा केला नाही. त्यांना त्या बटणाचा पत्ताही नव्हता. मी विसरले असं दोन वर्षं स्वतःला सांगत आले. मी विसरले नव्हते. स्टेशनच्या जिन्यावर मला आठवलं होतं आणि मनात आलं, राहू दे, निदान उद्या सकाळी तरी नदीकाठी तुतारी वाजणार नाही. लोक काय म्हणतील. एवढंच कारण. बाबा बिचारे मला घरी येऊन म्हणाले होते, "वैभवी, चुकलं माझं, पुढच्या वेळी हळू बोलेन."

हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. चष्मा, पाकीट, फोन. शेखर डॉक्टरांशी बोलत होता. फोनवर एकतीस मिस्ड कॉल आणि वर घंटेवर काट मारलेली ती खूण. मी कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे थंड चहाची मशीन आहे, तिथे गेले आणि बटण वर केलं. भांबावून केलं नाही. कुणी बघितलं तर विचारतील, आवाज कुणी बंद केला होता, हे लक्षात येऊन केलं. मग पाचव्या दिवशी तुम्ही नंबर लावलात आणि फोन वाजला, आणि त्या वाजण्याने शेखर खोटा ठरला. मी दारात होते. ट्रे हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्या क्षणी नाही बोलले, म्हणून संध्याकाळी बोलता येईना, आणि संध्याकाळी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी. तुम्ही विमानात बसलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. नंतर तो पहाटे उठू लागला. मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायचे आणि दार लागल्याचं ऐकायचे.

पहिल्या पत्रात 'मला माहीत नाही' असं लिहिलंय, ते तुम्हीच खोडा.

नदीवर मी हे सगळं त्याला सांगितलं. एवढं सुसंगत नाही, पण सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. फोन अजून त्याच्या कानाला होता. मग त्याने एकच विचारलं.

"म्हणजे मी गेलो होतो?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा."

तो तिथेच बर्फात बसला आणि रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. बाबा गेले तेव्हा त्याला रडताच आलं नव्हतं, तुमच्यापुढे उत्तर शोधत राहिला. मी हात लावायला गेले, त्याने तो बाजूला केला. रागाने नाही. पण केला. समोरून सातो-सान कुत्रा घेऊन आल्या, आम्हाला पाहिलं आणि आवाज न करता आल्या वाटेने परत फिरल्या.

घरी येताना तो पुढे चालत होता. जिन्यात म्हणाला, "तिला तू लिही. तुझ्या हाताने." त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. आज तिसरा दिवस. जेवण घेतो, ताट धुऊन ठेवतो. अंथरूण आतल्या खोलीत घालतो. तो पुढे काय करील मला ठाऊक नाही आणि विचारायचा हक्क मी घालवला आहे. तुमच्याकडे तर क्षमाही मागत नाही. बाबांपर्यंत तासभर आधी पोचता आलं असतं, तो तास मी घेतला. त्यातून सुटायला काही जागा आहे असं मला वाटत नाही आणि तुम्ही शोधूही नका.

पण तुम्ही लिहिलं होतंत, तो खरं बोलला की फोन करीन. ताई, तो पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता.

मला उत्तर पाठवू नका. फोन त्याला करा. एकदा लावून उचलला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. परवापासून तो झोपतो. दुपारीसुद्धा, भिंतीकडे तोंड करून, गाढ. उठेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहा.

वैभवी